उलटी नदी

अकरा वर्षं मी मोठ्या बोटीवर होतो.
सातवा मजला, बावीस केबिनी, दोन वेळा चादरी.
टॉवेलाचा हत्ती घडवून पलंगावर ठेवायचा,
सोंडेत चॉकलेट.
खिडकीबाहेर पाणी. दुसऱ्या दिवशीही पाणी.
तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं दार किलकिलं करून विचारलं,
"आपण चाललोय ना नक्की?"
चाललोय साहेब, म्हटलं, चांगल्या वेगात.
त्याला पटलं नाही.
मलाही पटत नसे, पण मला पगार होता.

आता दुबईच्या खाडीत, देराच्या बाजूला,
एका लाकडी गलबतावर वाढप्या आहे.
साडेआठला सुटतं, साडेदहाला
सुटलं त्याच धक्क्याला लागतं.
कुठंच न जाण्याचे लोक पैसे देतात
आणि बिर्याणी दोनदा मागतात.
नाखवा जुसब, मांडवीचा.
पायानं सुकाणू धरतो, हातानं डिझेलचा हिशोब लिहितो.

परवा कराडच्या एक बाई आल्या, मुलासोबत.
"आडनाव डुबल," म्हणाल्या,
"चालेल ना बोटीत?"
मुलानं त्यांना नुकतंच चार रात्री
समुद्रात फिरवून आणलं होतं, बारा मजली जहाजातून.
कसं होतं? मी विचारलं.
"हॉटेल होतं. हालत होतं."
आणि बाहेर?
"बाहेर काय, पाणीच की.
पाण्याला काठ नसला
तर माणसानं बघायचं कुठं?"

मुलगा फोनमध्ये होता.
बाई कठड्याला उभ्या राहिल्या, ताट हातात घेऊनच.
धक्क्यावर फ्रीज रचलेले, बोसासोला जाणारे,
दोरीनं एकमेकांना बांधलेले, हरवू नयेत म्हणून आईनं बांधावेत तसे.
टायरवर एक पठाण झोपलेला, चपला उशाला.
एकजण बादलीत डोकं धूत होता.
तिसऱ्या मजल्यावर, पिवळ्या उजेडात,
कुणी बाई वाळत घातलेले कपडे काढत होती.
डुबलबाईंनी हात हलवला.
तिनं दातांत चिमटा धरून हलवला.
"बघा," मला म्हणाल्या, "झाली ओळख."

मला धोपाव्याची फेरी आठवली.
बाबा तिकिटं फाडायचे, मी वल्ह्यांवर बसून मोजायचो
दाभोळात कुणाची चूल पेटली, कुणाची नाही.
पलीकडच्या भाताचा वास अलीकडे यायचा.
सातव्या मजल्यावर अकरा वर्षांत
एकदाही कुणाच्या घरचा वास आला नाही.

"ही नदी येते कुठून?"
नदी नाही बाई. या मुलखात नदी नाही.
खाडी आहे. समुद्रच आत येतो,
तिकडं रोहित पक्षी उतरतात तिथवर जातो,
आणि फिरतो माघारी.
"म्हणजे उलटी नदी."
मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
अबरा आडवी गेली, एका दिरहॅमची माणसं भरून.
"म्हणजे समुद्र माहेरपणाला येतो म्हणा की.
परत कधी जातो?"
ओटी लागली की. आता लागेलच.
"ओटी?"
आमच्याकडं ओहोटीला म्हणतात.
"मग तशीच पाठवता होय रे तिला, रिकामी?"

आणि ताटातला मूठभर भात
त्यांनी कठड्याबाहेर सोडला,
वर लिंबाची फोड, नारळ नव्हता म्हणून.

पाण्यात काही टाकलं तर इथं दंड आहे.
जुसबनं माझ्याकडं बघितलं.
मी ग्लास मोजायला लागलो.

शिंदगाच्या वळणाला, तोंडापाशी, गलबत फिरलं.
लांबवर एक जहाज निघालं होतं,
सगळे मजले पेटलेले, केकासारखं.
तिथं आत्ता कुणीतरी हत्तीचे कान नीट करत असेल.

उतरताना बाईंनी विचारलं,
"उद्या जाते का ही?"
जाते.
"कुठवर?"
इथवरच.
"मग येते," म्हणाल्या. मुलानं फोनमधून मान वर केली.

टेबलं पुसताना हाताला सवयीनं
रुमालाची सोंड वळली.
उलगडली मी. धुण्यात टाकली.
तिसऱ्या मजल्यावरचा दिवा
तेवढ्यात गेला.